ई-ट्रकला अनुदान म्हणजे पैशांची नासाडी? हिशेब मांडून बघू

वाहतूकदारांच्या ग्रुपांवर एक संदेश फिरतोय: 'इलेक्ट्रिक ट्रकचं अनुदान म्हणजे नासाडी. वीज कोळशाचीच, म्हणजे धूर रस्त्यावरून उठून औष्णिक केंद्राच्या धुराड्यात गेला, एवढंच. पैसा कंपन्यांच्या खिशात. आणि ही गाडी घाट चढणार नाही.'

कोळशाचा मुद्दा यात सगळ्यात दमदार, म्हणून आधी तोच घेऊ. भरलेल्या 40 टनी ट्रेलरला लिटरमागे अडीच किलोमीटरचं ॲव्हरेज धरा. 1 लिटर डिझेल जळलं की 2.68 किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. तेल काढणं, शुद्ध करणं, पंपापर्यंत आणणं धरलं तर सुमारे 3.2 किलो. म्हणजे किलोमीटरला 1.28 किलो. विजेवर त्याच गाडीला किलोमीटरला 1.3 युनिट धरा. चार्जर आणि तारांमधली गळती धरून वीजकेंद्रातून दीड युनिट निघावं लागतं. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाची 2023-24 ची सरासरी युनिटला 0.727 किलो कार्बन डायऑक्साइड आहे. उत्तर येतं 1.09 किलो.

बचत जेमतेम 15 टक्के. कोळशाची खाण आणि वाहतूक मोजली तर आणखी कमी. ती मोठी आहे असं आम्ही म्हणणार नाही. पण डिझेलचा आकडा गाडी भंगारात जाईपर्यंत हलत नाही. विजेचा हलतो, आणि तो मालकाच्या हातातही आहे: डेपोच्या शेडवर सोलर बसवून दुपारी चार्जिंग केलं, तर तेवढ्या युनिटांपुरता कोळसा हिशेबातून जवळजवळ बाहेर पडतो. रात्री चार्ज करणाऱ्याला हा फायदा नाही.

'पैसा कंपन्यांच्या खिशात' हे साफ चूक. पीएम ई-ड्राइव्ह या केंद्राच्या ई-वाहन अनुदान योजनेच्या जुलै 2025 च्या नियमांप्रमाणे सवलत खरेदीच्या वेळीच किमतीतून वजा होते; कंपनी ती नंतर सरकारकडून मागते. रक्कम ठरते बॅटरीच्या क्षमतेच्या दर युनिटमागे 5,000 रुपये किंवा कारखाना-किमतीच्या 10 टक्के, यातलं जे कमी असेल त्यावर. कमाल मर्यादा 9.6 लाख. बिलावर ही वजावट वेगळी दिसते का, ते सही करण्याआधी तपासा. बॅटरीला 5 वर्षं किंवा 5 लाख किलोमीटरची वॉरंटी देणं कंपनीवर बंधनकारक आहे.

आता घाट. मोटरला शून्य वेगापासून पूर्ण टॉर्क, म्हणजे चाक फिरवण्याचा जोर, मिळतो, त्यामुळे खंडाळा चढणं अडत नाही. अडतो तो बॅटरीचा हिशेब. खोपोली ते लोणावळा चढ साधारण साडेपाचशे मीटरचा. 40 टनांना नुसती उंची गाठायला 60 युनिट लागतात, सपाटीवरचा खर्च वेगळा. पायथ्याशी तेवढा चार्ज शिल्लक हवाच. उतरताना 25-30 युनिट परत मिळतात, पण बॅटरीत जागा असेल तरच. लोणावळ्यात 100 टक्के भरून खाली निघालात तर रीजन, म्हणजे मोटरनेच ब्रेक लावून वीज परत मिळवणं, बंद पडतं आणि सगळा भार ब्रेक लायनरवर येतो. घाटमाथ्यावर 80 टक्क्यांनाच प्लग काढा.

बॅटरीचा हा हिशेब बघता छोट्या, ठरलेल्या फेऱ्यांपासूनच सुरुवात व्हायला हवी, आणि होतेही आहे. जेएनपीएने (जवाहरलाल नेहरू बंदर प्राधिकरण) सप्टेंबर 2025 मध्ये न्हावा शेवा बंदरात बॅटरी बदलता येणारे 50 ट्रक उतरवले. नागपूर-कोलकाता धावणाऱ्यांनी इतक्यात घाई करू नये.

संदेशाने रागवायला हवं होतं ते वेगळ्याच गोष्टींवर. अनुदानासाठी जुना डिझेल ट्रक अधिकृत केंद्रात स्क्रॅप केल्याचं प्रमाणपत्र लागतं. एकाच गाडीवर घर चालवणारा ती आधी कशी मोडेल? प्रमाणपत्र हस्तांतर करता येतं, म्हणून दुसऱ्याकडून विकत घेता येतं; पण आधी प्रमाणपत्र, मग बुकिंग, हा क्रम चुकवू नका. तरतूदही तोकडी: 500 कोटी, सुमारे 5,600 ट्रकांपुरती. आणि महाराष्ट्राच्या 2025 च्या ईव्ही धोरणात द्रुतगती मार्ग, समृद्धी आणि अटल सेतूवरची टोलमाफी इलेक्ट्रिक मोटारी आणि बसना आहे. मालवाहू ट्रक तिच्यातून वगळलेत. देशातल्या वाहनांत ट्रक 3 टक्के, पण वाहतुकीच्या उत्सर्जनात 42 टक्के, हे केंद्र सरकारचेच आकडे. मग माफी आधी ट्रकला मिळायला हवी होती.