दोन सॉसेज, एक चहा आणि महापालिकेचा ठराव

२०२५ च्या स्वातंत्र्यदिनी कत्तलखाने आणि मांसविक्रीची दुकाने बंद ठेवण्याचा आदेश कल्याण-डोंबिवली महापालिकेने काढला, तेव्हा डोंबिवलीहून माझ्या धाकट्या भावाचा फोन आला. भाऊ श्रावण पाळतो. गटारी झाली की गणपती होईपर्यंत त्याच्या घरात अंडेसुद्धा येत नाही, आणि १५ ऑगस्ट तर ऐन श्रावणात होता. तरीही तो संतापलेला होता. "मी तसाही खाणार नव्हतो रे दादा, पण मी खाऊ नये हे ठरवणारे हे कोण?" असे म्हणून त्याने पुढे जोडले, "तुमच्याकडे बरे, असले काही नसते."

गेली सतरा वर्षे मी स्वित्झर्लंडमधल्या झुरिकमध्ये राहतो. त्याचे पहिले वाक्य ऐकताना मला या शहरातल्या एका जुन्या प्रकरणाची आठवण झाली, आणि दुसरे वाक्य ऐकताना त्याच प्रकरणाच्या उत्तरार्धाची.

९ मार्च १५२२, उपवासकाळातला पहिला रविवार. ईस्टरपूर्वीच्या त्या चाळीस दिवसांत मांस खाणे हा चर्चच्या नियमाप्रमाणे गुन्हा होता आणि नगरपरिषद तो दंडनीय मानत असे. क्रिस्टोफ फ्रोशाउअर या मुद्रकाच्या घरी त्या संध्याकाळी डझनभर माणसे जमली आणि दोन वाळवलेले सॉसेज बारीक चिरून सर्वांना वाटण्यात आले. गोव्याचे चोरिझ ज्यांनी पाहिले आहे त्यांना या पदार्थाचा अंदाज येईल. एकेकाच्या वाट्याला जेमतेम तोंडी लावण्यापुरता तुकडा आला असेल. फ्रोशाउअरवर कारवाई झाली तेव्हा त्याने दिलेला जबाब मला फार आवडतो. फ्रँकफर्टच्या जत्रेपूर्वी छपाई पूर्ण करायची आहे, कामगार रात्रंदिवस राबत आहेत, नुसत्या पेजेवर हे काम होत नाही आणि मासळी परवडत नाही, असे त्याने सांगितले. छापायचे होते ते संत पौलाच्या पत्रांचे पुस्तक.

त्या बैठकीत ग्रोसम्युन्स्टर या मुख्य चर्चचा धर्मोपदेशक उलरिक झ्विंगली हजर होता. त्याने सॉसेजला हात लावला नाही. मात्र दोन आठवड्यांनी, २३ मार्चला, त्याने याच विषयावर प्रवचन दिले आणि एप्रिलमध्ये ते फ्रोशाउअरनेच छापले. त्याचे म्हणणे थोडक्यात असे की, तुला उपवास करायचा असेल तर कर, मांस नको असेल तर खाऊ नकोस, पण ख्रिस्ती माणसाला त्याची मोकळीक राहू दे. कारण बायबलमध्ये ज्याचा आधार नाही ते पाप ठरवण्याचा अधिकार कोणत्याही बिशपला नाही. जर्मनीत धर्मसुधारक मार्टिन लूथरने चर्चच्या पापमुक्तीपत्रांवर बोट ठेवले, झ्विंगलीने ताटावर. स्वित्झर्लंडमध्ये रोमन चर्चशी झालेली फारकत सुरू झाली ती इथून. न खाणाऱ्याने खाणाऱ्याची बाजू घेतली, हा त्यातला भाग मला सगळ्यात मोलाचा वाटतो, आणि भावाच्या संतापात मला नेमके तेच ऐकू आले.

आपल्याकडे या तुलनेचा मान न्यायमूर्ती रानड्यांचा. मराठी सत्तेच्या उदयावरील आपल्या इंग्रजी ग्रंथात त्यांनी महाराष्ट्रातल्या संतांच्या चळवळीची तुलना युरोपातल्या धर्मसुधारणेशी केली होती. गंमत अशी की, सॉसेजसारखे एक प्रकरण खुद्द रानड्यांच्या वाट्यालाही आले. ऑक्टोबर १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये व्याख्यानानंतर चहा-बिस्किटे देण्यात आली. काहींनी चहा घेतला, काहींनी नुसता पेला हातात धरला, काहींनी तोही धरला नाही. पुढे गोपाळराव जोशींनी 'पुणे वैभव' पत्रात सगळ्यांची नावे प्रसिद्ध केली. रानडे आणि टिळक दोघेही त्या यादीत होते. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, चौकशीला शास्त्री आले, आणि अखेर रानड्यांनी प्रायश्चित्त घेतले. टिळकांनी आपण ते काशीलाच घेतल्याचे सांगितले. सुधारकांच्या निष्ठावंतांना हे फार लागले आणि आजही रानड्यांना त्याबद्दल बोल लावणारे भेटतात.

मी पुण्यात शिकत असताना त्यांच्यातलाच एक होतो. रानड्यांनी झ्विंगलीसारखे ठणकावून का सांगितले नाही, हा प्रश्न मी वादात अनेकदा विचारला आहे. झुरिकमध्ये राहिल्यावर उत्तराचा अर्धा भाग दिसू लागला. झ्विंगलीच्या पाठीशी नगरपरिषद होती. जानेवारी १५२३ मध्ये परिषदेनेच नगरभवनात जाहीर वाद भरवला, सुमारे सहाशे माणसे जमली, झ्विंगलीने सदुसष्ट कलमे मांडली, आणि निर्णय बिशपने नव्हे, तर परिषदेने दिला: झ्विंगलीने आपले प्रवचन चालू ठेवावे. रानड्यांना असे भवन कुठे होते? त्यांच्यामागे होती पंक्ती मोडण्याची, भटजी न मिळण्याची, नातलगांच्या मुलींची लग्ने अडण्याची भीती, आणि ती कुठल्याही परिषदेच्या मतदानाने जाणारी नव्हती. ते सरकारी न्यायाधीश होते, पण घरच्या श्राद्धाला ब्राह्मण मिळवून देणे सरकारच्या हाती नव्हते.

तेव्हा परिषद पाठीशी असणे ही भाग्याची गोष्ट, असे इथे येऊन पहिली काही वर्षे मला वाटत असे. उत्तरार्ध मी नंतर वाचला. १५२४ च्या जूनमध्ये परिषदेच्या आदेशाने शहरातल्या चर्चमधल्या मूर्ती आणि चित्रे उतरवली गेली. हे काम चर्चची दारे बंद करून कारागिरांकडून शिस्तीत करून घेतले गेले. १५२५ च्या ईस्टरला मिस्सा, म्हणजे रोमन चर्चची मुख्य उपासना, बंद झाली. झ्विंगली स्वतः अनेक वाद्ये वाजवणारा माणूस, पण त्याच्या चर्चमधून ऑर्गन गेला आणि झुरिकच्या उपासनेत गाणे परतले ते १५९८ मध्ये. १५३० पर्यंत रविवारच्या प्रवचनाला हजर राहणे सक्तीचे झाले होते. आठ वर्षांपूर्वी मांस खाण्याची मोकळीक मागणारे शहर आता न येणाऱ्यांची नोंद ठेवत होते.

यात सगळ्यात कडू भाग फेलिक्स मांट्सचा. तो झ्विंगलीच्याच मंडळातला, हिब्रू जाणणारा तरुण. बायबलमध्ये आधार नाही ते सोडायचे, तर तान्ह्या मुलांच्या बाप्तिस्म्याला तरी आधार कुठे आहे, असे तो आणि त्याचे सोबती विचारू लागले. प्रश्न झ्विंगलीच्याच पद्धतीचा होता. मोठेपणी समजून-उमजून पुन्हा बाप्तिस्मा देणाऱ्याला पाण्यात बुडवून मारण्याची शिक्षा परिषदेने ठरवली, आणि ५ जानेवारी १५२७ ला मांट्सला हात बांधून लिमाट नदीत बुडवले गेले. शिप्फे या नदीकाठच्या भागात २००४ साली बसवलेल्या शिळेवर त्याचे नाव आहे, १५३२ पर्यंत त्याच्यासारखे आणखी पाच जण बुडवले गेल्याची नोंदही आहे. मी तिथे अधूनमधून जातो. पाणी स्वच्छ, वाहते, उन्हाळ्यात त्याच नदीत लोक पोहत असतात. तिकडे पाहुण्यांना नेले की ते आधी पोहणाऱ्यांचे फोटो काढतात.

झ्विंगलीने ताटावरचा अधिकार बिशपकडून काढून घेतला हे खरे, पण तो खाणाऱ्याच्या हाती गेला नाही. वाटेत नगरपरिषदेने तो उचलला आणि झ्विंगलीने उचलू दिला. माझा आक्षेप इथे आहे, आणि तो इतिहासापुरता नाही.

भावाचे "असले काही नसते" हे वाक्य म्हणूनच मी मान्य केले नाही. स्वित्झर्लंडमध्ये नागरिकांच्या मागणीवरून संविधानात कलम घालण्याची सोय झाल्यावर पहिले जे कलम मंजूर झाले, ते २० ऑगस्ट १८९३ चे होते: गुंगी न देता जनावर कापण्यास बंदी. प्राण्यांच्या दयेची भाषा होती, रोख मुख्यतः ज्यूंवर होता, आणि झुरिक कँटनने, म्हणजे इथल्या राज्याने, त्याला भरघोस मते दिली. ज्यू आणि अनेक मुसलमान कुटुंबे आजही आपल्या रीतीचे मांस बाहेरून मागवतात. रोमन कॅथलिकांना या कँटनमध्ये सार्वजनिक मान्यता मिळाली ती १९६३ मध्ये. २००९ मध्ये मिनार बांधायला बंदी झाली, तीही मतदानाने. आणि घरगुती पातळीवर सांगायचे, तर आमच्या इमारतीच्या तळघरातल्या धुलाईखोलीच्या दारावर रविवारी यंत्र लावू नये अशी पाटी आहे. सतरा वर्षांत मी ती एकदाच मोडली; शेजारच्या आजीबाईंनी काही न बोलता दिवा बंद केला.

इथला नियम आणि तिथला आदेश सारखे आहेत असे मी म्हणत नाही. इथे कोणी डबा उघडून बघत नाही, आणि नियम मोडल्याबद्दल जमाव येत नाही. हा फरक लहान नाही, आणि परदेशात बसून तो पुसणे हा अप्रामाणिकपणा होईल. पण आपल्याकडचा वाद ज्या पद्धतीने चालतो त्यात मला झुरिकची नगरपरिषद दिसते. २०१५ मध्ये पर्युषणाच्या दिवसांत मुंबईत मांसविक्रीवरून वाद झाला, तो न्यायालयापर्यंत गेला. तेव्हाही एक बाजू बंदीसाठी पालिकेच्या दारात उभी होती, आणि दुसरी बाजू आमच्या सणाला मात्र दुकाने उघडीच राहिली पाहिजेत म्हणून त्याच दारात. संख्या कोणाची जास्त यावर दोघांचीही भिस्त. ताट पालिकेच्या कक्षेत येते का, हा प्रश्न विचारणारे थोडे.

गणपतीनंतर भावाचा पुन्हा फोन आला. त्याच्या सोसायटीतल्या काही सभासदांना मासे तळणाऱ्या भाडेकरूंना घर देऊ नये असा ठराव हवा आहे. भाऊ सचिव आहे. त्याने विचारले की, वार्षिक सभेत मतदान घेऊनच टाकू का, कारण मोजून पाहिले तर बहुमत आपलेच आहे, ठराव पडेल आणि विषय कायमचा मिटेल. मी म्हणालो, मतदान घेऊ नकोस, आज पडला तरी पुढच्या वर्षी तुझ्याच पायंड्याने मंजूर होईल. हा विषय सभेपुढे येऊच देऊ नकोस.

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "दादा, विषयपत्रिका मीच काढतो. विषय न घेणे हाही माझाच हुकूम झाला की."