विमानाचा आवाज मोजायचा, तर आमच्या गच्चीवर या

कुर्ल्यात आमच्याकडे विमान डोक्यावरून उतरायला लागलं की फोनवर बोलताना मध्येच गप्प बसायची पद्धत आहे. पलीकडच्याला वाटतं लाइन कट झाली. आई तर वाक्य जिथे सोडलं तिथूनच उचलते. "तर मी काय सांगत होते" वगैरे भानगड नाही.

परवा एका मित्राने ऐकवलं, "आताची विमानं किती शांत झालीत, नियम बघ जरा." नियम बघितलेत बाबा! १९६९ साली अमेरिकेने जेट विमानांच्या आवाजाला मर्यादा घातली, मग आंतरराष्ट्रीय नियम आले, आणि विमानं शांत झाली हेही खरं. पण विमानाला आवाजाचा दाखला देताना मोजतात कुठे? उड्डाणाच्या वेळी ब्रेक सोडल्यापासून साडेसहा किलोमीटरवर, धावपट्टीच्या बाजूला ४५० मीटरवर आणि उतरताना धावपट्टीच्या २ किलोमीटर अलीकडे. तिथे विमान डोक्यावर जेमतेम १२० मीटर असतं. म्हणजे आमचीच गच्ची, थोडं इकडेतिकडे.

मेख पुढे आहे. कडक झालेल्या नियमांत घट मोजतात ती तिन्ही जागांची बेरीज करून. त्यामुळे उड्डाणात भरपूर कमावलं की उतरताना थोडक्यात भागतं. नवं इंजिन लावलं की उड्डाणाचा आवाज झपकन खाली येतो. उतरताना इंजिन मुळातच मंद असतं. तेव्हा बाहेर काढलेली चाकं आणि फ्लॅप (पंखाच्या मागच्या कडेच्या झडपा) यांना घासणारी हवाही तेवढीच बोंबलते.

जुन्या एअरबस ए३२० विमानांची ती शिट्टी आठवते? पंखाखाली इंधनटाकीची गोल भोकं असतात, त्यांवरून हवा गेली की बाटलीच्या तोंडावर फुंकर मारल्यासारखी वाजायची. २०१४ साली लुफ्थान्सा या जर्मन विमान कंपनीने तिथे पत्र्याचा छोटासा तुकडा बसवायला सुरुवात केली आणि शिट्टी बंद! तोवर आवाजाचा दाखला खिशात ठेवूनच ही विमानं वर्षानुवर्षं शिट्ट्या मारत होती.

शिवाय दाखला एकेका विमानाचा. रात्रीत अशी किती उतरली, हे त्यात कुठेच येत नाही. लंडनच्या हीथ्रोवर १९९३पासून रात्रीच्या प्रत्येक विमानाला आवाजानुसार गुण लावतात, उतरण्याचे वेगळे, उड्डाणाचे वेगळे, आणि हंगामाच्या एकूण गुणांना मर्यादा आहे. मला मुंबईत हेच हवंय. रात्री दोनला कर्कश विमान उतरवायचंय? उतरवा, पण कोट्यातून गुण कापून.