'सिस्टर लोकांना तो नको असतो': एका प्रतिक्रियेला उत्तर

मागच्या आठवड्यात 'लेबर रूममधला कॉम्प्युटर' हा लेख टाकला. कॉम्प्युटर बाळंतपणाच्या टेबलाशेजारी आणा आणि तोवर नोंदीची वही बंद करू नका, असं त्यात म्हटलं होतं. प्रतिक्रिया बऱ्याच आल्या, बहुतेक माझ्याच जुन्या मैत्रिणींच्या, अंगठे आणि गुलाबाची फुलं. त्यात 'स्पष्टवक्ता' या नावानं एक आली. ती पूर्ण देते, नाहीतर सोयीचं तेवढं उचललं असं व्हायचं. (त्यातला हाऊसमन म्हणजे वॉर्डातला शिकाऊ डॉक्टर, आभा म्हणजे सरकारी डिजिटल आरोग्य खातं. पार्टोग्राफ आणि एमसीटीएसचं पुढे सांगते.)

"लेख वाचनीय, पण हे निवृत्त माणसाचं स्मरणरंजन आहे. पार्टोग्राफ बाळंतपण झाल्यावर बसून भरले जातात हे प्रत्येक हाऊसमनला माहीत आहे. कॉम्प्युटरवर वेळेचा शिक्का पडतो, म्हणून सिस्टर लोकांना तो नको असतो. माझ्या पत्नीच्या पहिल्या सिझरचे कागद दुसऱ्या वेळी मिळाले नाहीत, रेकॉर्ड रूमला वाळवी लागली होती म्हणे. उद्या आभा नंबरवर सगळं एका ठिकाणी मिळेल, तेव्हा वह्यांचं कौतुक कोण करणार? आणि एमसीटीएस २०११ ला नाही, २००९ ला आलं. एवढं तरी तपासायचं."

स्पष्टवक्ते साहेब, नमस्कार. आपण वेळ काढून लेख वाचलात, आभारी आहे.

आधी आपलं जे बरोबर आहे ते कबूल करते. एमसीटीएस, म्हणजे गरोदर बायकांची आणि बाळांची नावानिशी नोंद ठेवणारी केंद्राची यंत्रणा, २००९ चीच. मी २०११ लिहिलं कारण आमच्यापर्यंत तिचा ताप २०११ मध्ये पोचला. पण चूक ती चूक. दुरुस्त करते.

आता 'एवढं तरी'. हे दोन शब्द मी चारदा वाचले. एक साल चुकलं तर 'एवढं तरी' म्हणायचं, म्हणजे बाकीचंही सगळं असंच ठोकून दिलेलं असणार, असं वाचणाऱ्याला परस्पर वाटून जातं. हे चांगलं जमतं तुम्हाला. आणि 'सिस्टर लोक'! ड्रायव्हर लोक, कामवाल्या लोक, तसे सिस्टर लोक. डॉक्टर मंडळींना कुणी 'डॉक्टर लोकांना रात्री उठायला नको असतं' असं लिहिलं असतं, तर आपण त्याखाली काय लिहिलं असतं ते मला दिसतंय. मी १९९० मध्ये सरकारी नोकरीत लागले, २०२१ मध्ये परिसेविका म्हणून निवृत्त झाले. या ३१ वर्षांतली १९ लेबर रूममध्ये गेली. म्हणून स्मरणरंजन म्हणालात त्याचं फार वाईट वाटलं नाही, आठवायला माझ्याकडे काहीतरी आहे.

मुद्द्यावर येते. आपलं एकच वाक्य मला झोंबलं, ते म्हणजे वेळेच्या शिक्क्याचं. त्याचंच उत्तर देते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, पार्टोग्राफ हा एका पानाचा तक्ता. बाईला कळा सुरू झाल्या, गर्भपिशवीचं तोंड ४ सेंटीमीटर उघडलं की त्यावर खुणा करायला घ्यायच्या. दर अर्ध्या तासाला बाळाचे ठोके, दहा मिनिटांत कळा किती, पाणी स्वच्छ की हिरवं, दर चार तासांनी आतून तपासणी. त्यावर दोन तिरप्या रेषा छापलेल्या असतात, सावधतेची आणि कृतीची, दोघींत चार तासांचं अंतर. या रेषा १९७२ मध्ये फिलपॉट आणि कॅसल या दोघांनी आणल्या, तेव्हाच्या ऱ्होडेशियात, म्हणजे आजच्या झिम्बाब्वेत. कुणासाठी? दूरच्या दवाखान्यात एकट्या असलेल्या दाईसाठी. खूण पहिल्या रेषेच्या उजवीकडे गेली की तिनं कुणाला न विचारता समजायचं, हिला मोठ्या दवाखान्यात पाठवायची वेळ झाली. साहेब, तो कागद हिशेब तपासायला कुणी काढलेला नाही, रात्री एकट्या बाईच्या नजरेला पडावा म्हणून काढलाय.

आमच्याकडे कॉम्प्युटर आला तेव्हा पार्टोग्राफही त्यात गेला. सेंटीमीटरचा आकडा एका चौकोनात टाकायचा, ठोक्यांचा दुसऱ्यात, आणि आलेख बघायचा असेल तर चौथं पान उघडायचं. चौथं पान कोण उघडतं? आकडे सगळे बरोबर भरलेले असायचे आणि रेषा कुणी पाहिलेलीच नसायची.

तो कॉम्प्युटर होता नर्सिंग स्टेशनच्या काचेमागे. बाळंतपणाच्या चार नंबरच्या टेबलापासून २२ पावलं, मी मोजलीयत. कीबोर्डला प्लॅस्टिकची पिशवी चढवलेली, कारण ग्लोव्हज घातलेले ओले हात घेऊन कुणीतरी एकदा तिथं गेली होती. रात्री आम्ही दोघी सिस्टर आणि एक मावशी. टेबलं चार.

आता शिक्का. एका रात्री बाळ झालं २ वाजून १० मिनिटांनी. मिनिटाच्या आत ऑक्सिटोसिन, म्हणजे पिशवी आकसायचं इंजेक्शन, १० युनिट मांडीत दिलं. वार पडली २.१८ ला. पण पिशवी आकसेना, रक्त थांबेना. मसाज, दोन हातांना दोन सलाईन, कॅथेटर, डॉक्टरांना फोन. या सगळ्यात मी वेळा कुठं लिहीत होते सांगू? ग्लोव्हजच्या कागदी पाकिटाच्या पाठीवर, बॉलपेननं. ते पाकीट ट्रॉलीच्या कडेला चिमट्यानं लावलेलं होतं. बाई सावरली. मी हात धुतले, लेबर रूमची वही भरली, आणखी एक बाई टेबलावर आली, तिचं पाहिलं, आणि ३ वाजून ४० मिनिटांनी काचेमागे जाऊन बसले. ऑक्सिटोसिन, खूण केली, सेव्ह केलं. शिक्का पडला ३.४०.

तीन आठवड्यांनी मला पत्र आलं. ऑक्सिटोसिन देण्यास दीड तास विलंब का झाला, याचा लेखी खुलासा ४८ तासांत सादर करावा. मी खुलासा दिला. कागदावर, तीन प्रतींत.

सुटले ती वहीमुळे. वहीतही मागाहून लिहिता येतं, हे तुम्ही म्हणणार. येतं. पण माझ्या २.१० च्या नोंदीखाली ३.०५ ची दुसऱ्या बाईची नोंद होती, दुसऱ्या सिस्टरच्या अक्षरात, आणि मध्ये बोट घालायला जागा नव्हती. त्या सॉफ्टवेअरवाल्या मुलाला मी म्हटलं, बाबा, दोन रकाने दे, एक काम केल्याची वेळ आणि एक लिहिल्याची. दुसरी तुझा कॉम्प्युटर टाकू दे, त्याला माझी हरकत नाही. चांगला मुलगा होता, चहाही घ्यायचा आमच्यात. म्हणाला, "मॅडम, रिक्वायरमेंटमध्ये नाहीये."

तर तो शिक्का मी हात धुऊन कॉम्प्युटरशी कधी बसले ते सांगतो. मी काम कधी केलं ते त्याला माहीत नसतं. यातला फरक हाऊसमनला कळायला हवा होता.

आणि शिक्क्यावर नाव कुणाचं? आमच्या वॉर्डाला लॉगिन एकच मिळालं होतं, इन्चार्जच्या नावानं, म्हणजे माझ्या. पासवर्ड मॉनिटरला लिकोप्लास्टच्या चिकटपट्टीनं चिकटवलेला. मे महिन्यात मी पुतणीच्या लग्नाला गेले होते. त्या तीन रात्रींत, कॉम्प्युटरच्या मते, मी ११ बाळंतपणं केली. हळदीच्या रात्रीसुद्धा दोन.

लिकोप्लास्टवरून आठवलं. हे लेखात घातलं नव्हतं, पण तुम्ही विषय काढलाच आहे. पावसाळ्यातली गोष्ट, १०८ च्या अँब्युलन्सनं एक पहिलटकरीण आणली, फिट येऊन गेलेली, बेशुद्धीच्या कडेला. बरोबर सासू, तिला काही सांगता येईना. फॉर्म नाही, कागद भिजून लगदा झालेला. पण उपकेंद्रातल्या एएनएमनं, म्हणजे तिथल्या नर्सनं, बाईच्या दंडावर लिकोप्लास्टची पट्टी चिकटवली होती आणि त्यावर लिहिलं होतं, 'मॅगसल्फ १० ग्रॅ., ५-५ दोन्हीकडे, १.२०'. बास. म्हणजे १ वाजून २० मिनिटांनी दोन्ही कुल्ल्यांत पाच-पाच ग्रॅम मॅगसल्फ, फिट थांबवायचं औषध, दिलं गेलंय. हे कळलं म्हणून आम्ही तो डोस पुन्हा दिला नाही. मॅगसल्फ जास्त झालं तर श्वास बंद पडतो, हे आपल्याला सांगायला नको. गुडघ्याची झटकी बघितली, श्वास मोजले, लघवी मोजली, आणि पुढचे पाच ग्रॅम ५.२० ला दिले. त्या एएनएमला मी कधी भेटले नाही. तिनं नोंद कुठल्या पोर्टलवर कधी केली मला माहीत नाही. पट्टीवर तिनं घड्याळ बघून लिहिलं होतं. सिस्टर लोकांना वेळ लिहायला नको असते म्हणे!

आता पार्टोग्राफ मागाहून भरले जातात, याचं. हो. भरले जातात. मीही भरलेत, एकदा नाही. चार टेबलांवर चार बायका आणि दोघी सिस्टर असल्या की हात बाळाच्या डोक्याशी ठेवायचा की पेनाशी, हे मी ठरवलं आणि आजही तसंच ठरवीन. तुम्ही आता लिहाल, 'बघा, कबुली'. लिहा. पण मग हेही लिहा की त्या कागदांवर हाऊसमनच्या सह्या कधी व्हायच्या. मी सांगते, सकाळी राऊंडच्या पाच मिनिटं आधी, ओळीनं मांडून ठेवलेल्या कागदांवर, वर न बघता. आम्ही तर जिथं सही करायची तिथं पेन्सिलनं फुलीसुद्धा करून ठेवायचो. तेव्हा कुणाला वेळेच्या शिक्क्याची आठवण झाली नाही ती.

एक विचारू? रात्री अडीच वाजता तुम्ही लेबर रूममध्ये शेवटचे कधी उभे होतात? दाराबाहेर नव्हे, आत.

असो. जरा वर गेला आवाज.

बाकीच्या मुद्द्यांत फारसं काही नाही. आपल्या पत्नीचे कागद मिळाले नाहीत याचं वाईट वाटलं. पण रुग्णानं मागितल्यावर ७२ तासांत कागद द्यायचे हा डॉक्टरांसाठीचा नियम २००२ चा आहे, त्याला कॉम्प्युटर लागत नाही. वाळवी लागते ती कपाटाची देखभाल न केल्यानं. आभाचा १४ आकडी नंबर माझ्याकडेही आहे, त्याच्याशी माझं भांडण नाही. आणखी कुणीतरी खाली लिहिलंय की पार्टोग्राफच आता जुना झाला, जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० मध्ये नवा लेबर केअर गाईड आणला, ४ ऐवजी ५ सेंटीमीटरपासून. माहीत आहे. तोही एका कागदावर मावतो.

आणि मी लेखात 'कॉम्प्युटर नको' असं कुठंही म्हटलेलं नाही. पुन्हा वाचा. मी म्हटलं, तो टेबलाशेजारी आणा, प्रत्येकीला तिचं लॉगिन द्या, दोन वेळांचे दोन रकाने द्या, आणि हे होईपर्यंत वही बंद करू नका. आमच्याकडे झालं उलटंच. वही बंद केली नाही हे खरं, पण तिच्याबरोबर बाकीच्या वह्याही चालू ठेवल्या. दाखल रजिस्टर, लेबर रूम रजिस्टर, जननी सुरक्षा योजनेचं, संदर्भसेवेचं, जन्मनोंदणीचा फॉर्म, आणि वर कॉम्प्युटर. एकाच बाईचं नाव, वय, गाव रात्रीतून सहादा लिहायचं. कागद गेला असं कोण म्हणतं? आम्ही तर दुप्पट केला.

माझी भाची एका खाजगी हॉस्पिटलात स्टाफ नर्स आहे. तिच्याकडे टॅब आहे, गळ्यात अडकवायचा, आणि तिला आवडतो तो. त्यात 'दिल्याची वेळ' वेगळी टाकता येते म्हणाली. तुमची प्रतिक्रिया मी तिला वाचून दाखवली. ती म्हणाली, "मावशी, त्यांच्या बायकोचे कागद हरवले होते गं, त्याचं तू काहीच म्हणत नाहीयेस." मी म्हटलं, वर म्हटलंय की. तिनं खांदे उडवले. तिला जे वाटतं ते तिनं तिच्या ब्लॉगवर लिहावं.

प्रतिक्रिया मी काढून टाकणार नाही, राहू दे. 'सिस्टर लोक' तेवढं बदलता आलं तर बघा. लेखात २०११ चं २००९ केलंय, बाकी आहे तसं ठेवलंय.