खून पडलाय आणि हे गातायत!

काल रात्री लेकीला घेऊन १९६५चा 'गुमनाम' सिनेमा बघितला. डोकं अजून तापलेलं आहे. पोरीने नुकतीच अगाथा ख्रिस्तीची १९३९ची ती दहा माणसांची, बेटावरची कादंबरी संपवली होती. मीच म्हटलं, चल, त्यावरून आपल्याकडे काढलेला बघू. बिचारी वही-पेन घेऊन बसली. पानावर एकेकाचं नाव लिहून काढलं, संशयितांवर फुल्या मारायला.

विमानाने सात जणांना निर्जन जागी सोडलं, हवेली आली, मेहमूद आला, मुडदा पडला. पोर सरसावून बसली. आणि मग? गाणं! मग विनोद! मग परत गाणं! अरे, माणूस मरून पडलाय, खुनी आपल्यातलाच असेल, आणि तुम्ही समुद्रावर नाचताय? मेहमूदचं ते लुंगीतलं स्वप्नगीत संपेपर्यंत पोरीने पेनाला टोपण लावलं होतं. "आई, हे लोक घाबरत का नाहीयेत?" काय सांगू तिला?

मूळ गोष्टीत प्रत्येकाच्या मानेवर एक जुना खून आहे. माणूस मेला की टेबलावरची एक बाहुली कमी होते, आणि वाचवायला कोणी येणार नसतं. इथे मनोज कुमार आहे! हिरो म्हटल्यावर तो मरणार नाही आणि मारणारही नाही, हे शेंबड्या पोरालाही कळतं. वर शेवटी पोलीस निघतो. मग राहिलं काय? शीर्षकगीताची चालसुद्धा १९६३च्या 'शरेड' या इंग्रजी सिनेमावरून उचललेली. लताबाईंच्या आवाजाने तिथे काटा येतो, पण तेवढ्यापुरताच.

आणि "त्या काळी गाण्यांशिवाय चालायचंच नाही" हे मला कोणी ऐकवू नका. 'कानून' १९६०चा, त्यात एक गाणं नाही. 'वो कौन थी' १९६४चा, हाच मनोज कुमार, गाणी भरपूर, पण 'नैना बरसे' वाजलं की गूढ वाढतं. रफीचं 'जान पहचान हो' मला जीव की प्राण आहे. ते सुरुवातीला, क्लबात आहे, तिथे शोभतं. पण प्रेतांच्या मधोमध? दिग्दर्शक आपले राजा नवाथे, म्हणून जास्तच लागतं.

सगळ्यात संताप नंदाचा येतो. तिला नुसतं किंचाळायला ठेवलंय. हीच नंदा चार वर्षांनी 'इत्तेफाक'मध्ये, एकही गाणं नसताना, एका घरात, एका रात्रीत आपल्याला खिळवून ठेवते. पुढच्या शनिवारी तोच लावणार आहे. वही मी जपून ठेवलीय.