कोणतं धरण?

चाळीसगावात स्टेशन रोडला आमचा कट्टा म्हणजे एका बंद पडलेल्या बियाण्याच्या दुकानाचा ओटा. शटर गंजलंय, पण ओट्याची फरशी आमच्या बैठकीने गुळगुळीत झालीय. परवा संध्याकाळी पाऊस जरा उघडला, टपरीवरून चहा आला, आणि प्रवीणने मोबाईल पुढे केला.

"वरचं धरण फुटायच्या बेतात आहे. रात्री बारानंतर पाणी गावात शिरणार. नदीकाठच्यांनी सामान हलवा. सर्व ग्रुपवर पाठवा." खाली जोडलेले हात, तीन वेळा.

"पाठवलंस?" आबांनी विचारलं.

"दोनच ग्रुपवर. काळजी म्हणून."

"कोणतं धरण?"

प्रवीणने परत वाचलं. वरून खाली, मग खालून वर. मेसेजात धरणाचं नावच नव्हतं.

आबांची तीस वर्षं पाटबंधारे खात्यात कालव्यावर गेली. असा मेसेज आला की ते आधी चहाचा ग्लास खाली ठेवतात. "वरचं म्हणजे काय भो? गिरणा धरण नांदगाव तालुक्यात. त्याचं पाणी मेहुणबाऱ्याकडून जातं, आपल्या तितूर नदीशी त्याचं काय घेणं-देणं? मागे एकदा हतनूरचे 41 दरवाजे उघडले म्हणून इथे लोक घाबरले. हतनूर कुठे, भुसावळजवळ तापीवर. ते पाणी चाळीसगावला यायचं तर गिरणेतून उलटं चढत यावं लागेल. पाण्याने चढ चढलेला पाहिलाय कोणी?"

मग त्यांचं नेहमीचं सुरू झालं. दरवाजे उघडणं म्हणजे धरण वाचवणं, पण लोकांना ते धरण फुटल्यासारखं ऐकू येतं. आकड्यांचंही तेच. बातमीत क्युमेक, म्हणजे सेकंदाला घनमीटर पाणी असतं, चार हात फिरून मेसेज येतो तोवर त्याचं क्युसेक, म्हणजे सेकंदाला घनफूट झालेलं असतं, नाहीतर उलटं. एक क्युमेक म्हणजे पस्तीस क्युसेकच्याही वर. म्हणजे महापुराचा ओहोळ होतो, नाहीतर ओहोळाचा महापूर. पाटणादेवीला भास्कराचार्यांचं नाव सांगणारा आपला तालुका, आणि पस्तीसने गुणायला कोणी तयार नाही, हे आबांचं पेटंट वाक्य. आम्ही ते दर पावसाळ्यात ऐकतो.

प्रवीण चिडला. "आबा, तुम्हाला धरणं पाठ आहेत, आम्हाला नाहीत. आणि 2021 ला काय झालं? तेव्हा कुणी आधी सांगितलं असतं तर?"

आता हा मुद्दा खोटा नव्हता. 31 ऑगस्ट 2021 विसरणारा माणूस या गावात सापडायचा नाही. डोंगरात रात्रभर पाऊस, तितूर आणि डोंगरी दोन्ही नद्या एकदम अंगावर आल्या. तिकडे औट्रम घाटात दरडी कोसळून कन्नडचा रस्ता बंद, इकडे बाजारपेठेत पाणी. ते पाणी डोंगरातलं होतं, धरणाचा त्यात काही हात नव्हता. पण धरणाची आवई त्याही दिवशी उठलीच. मी ती माझ्या कानांनी ऐकली. पुलाच्या बाजूने एक पोरगा ओरडत आला, "धरन फुटनं रे, पया, पया!" आणि आख्खी गल्ली पळाली. मीही पळालो. अर्ध्या वाटेत चप्पल सुटली ती तशीच सोडली. कोणतं धरण, हे मीही विचारलं नाही.

जिभाऊ तोवर गप्प होते. नदीच्या अंगाला त्यांचं कापडाचं दुकान. ते या विषयावर सहसा बोलत नाहीत.

"माझ्याकडे चार पोरं होती त्या दिवशी," ते म्हणाले. "कामावरची नाही, आपणहून आलेली. पाणी पोटरीला होतं. खालच्या फळीवरचे साड्यांचे गठ्ठे माळ्यावर फेकत होतो. साखळी केली होती, मी खाली, पोरं शिडीवर. अर्धा माल चढला होता. तेवढ्यात ती बोंब आली. पोरं शिडीवरून उड्या टाकून गेली. त्यांना मी दोष देत नाही, जीव कोणाला नको? पाणी पुढे माळ्याला लागलंच नाही. म्हणजे माळ्यावर चढवलेलं सगळं वाचलं, आणि खाली राहिलेलं सगळं गेलं."

ती दुकानं पाणी ओसरल्यावर आम्ही पाहिलीत. गठ्ठ्याच्या घडीघडीत गाळ बसलेला. साडी झटकली की गाळाचा पापुद्रा निघायचा आणि आतला जरीकाठ काळा पडलेला दिसायचा. महिनाभर त्या गल्लीला कुजक्या पाटाचा वास होता.

सर कॉलेजात मानसशास्त्र शिकवतात. त्यांना बोलायची खाज आली की ते चष्मा पुसतात. पुसला. "जिभाऊ, एक सांगा. तुम्ही पाण्यात उभे असताना तुमच्या तोंडून धरणाचं काही निघालं?"

"मला बोलायला वेळ होता का?"

"हेच! बिहारला 15 जानेवारी 1934 ला मोठा भूकंप झाला. त्यानंतर जमुना प्रसाद नावाच्या अभ्यासकांनी लोकांच्या तोंडच्या अफवा गोळा केल्या. चंद्रग्रहणाला याहून मोठा धक्का बसणार, गंगेचं पाणीच नाहीसं झालं, असल्या. त्या बोलणारे कोण होते? ज्यांना हादरा जाणवला पण ज्यांचं काही पडलं-झडलं नाही, असे. पुढे लिऑन फेस्टिंजर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाला याचंच कोडं पडलं. घर शाबूत असलेला माणूस स्वतःला आणखी घाबरवून का घेतो? त्याचं म्हणणं असं की भीती आधीच पोटात शिरलेली असते. आजूबाजूला काही मोडलेलं दिसत नाही, मग त्या भीतीला कारण लागतं. अफवा ते कारण पुरवते."

मला हे एकदम पटलं, कारण आमच्या घरचीच गोष्ट. 1993 च्या 30 सप्टेंबरला पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. आमच्या भिंतीचा पोपडासुद्धा पडला नाही. तरी वडिलांनी आम्हाला दोन रात्री अंगणात झोपवलं होतं, कारण कोणीतरी धक्क्याची वेळसुद्धा सांगून गेलं होतं. भूकंपाची वेळ आजही जगात कोणाला सांगता येत नाही, पण आमच्या गल्लीत ती मिनिटासकट माहीत होती. पुराच्या दिवशीही जे गच्चीवर होते, कोरडे, हातात फोन, त्यांच्याकडेच जास्त बातम्या होत्या. ज्याचे पाय ओले त्याच्याकडे बातमी नव्हती, बादली होती.

"छान आहे," देवा म्हणाला. देवा एका पेपरचा वार्ताहर, त्याला सगळ्याच थिअऱ्यांचा संशय. "म्हणजे गच्चीवरच्याने बोलूच नये? सर, 2 जुलै 2019, चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण. गावकऱ्यांनी गळती होतेय म्हणून आधीच सांगितलं होतं. ऐकलं कोणी? रात्री धरण फुटलं, माणसं गेली. आणि मग मंत्री काय म्हणाले? खेकड्यांनी पोखरलं! आता यात अफवा कोणती आणि बातमी कोणती ते तुम्ही ठरवा. उद्या तिवऱ्यातल्या एखाद्याने आदल्या दिवशी मेसेज टाकला असता तर तुमच्या भाषेत तो अफवाखोर. 2005 चा आपत्ती व्यवस्थापन कायदा आहे, कलम 54, खोटा इशारा दिला तर वर्षभरापर्यंत कैद किंवा दंड. कलम आहे, पण खऱ्या इशाऱ्याला वेळेत उत्तर दिलं नाही म्हणून कोणाला आत टाकल्याचं मी तरी छापलेलं नाही."

"तिवऱ्याच्या लोकांनी धरणाचं नाव सांगितलं होतं ना?" आबा शांतपणे म्हणाले. "गळती कुठून आहे तेही दाखवलं होतं. तक्रार सही करून केली होती. याच्या मेसेजखाली कोणाची सही आहे?"

देवा थोडा अडला, पण हटला नाही. खाली खात्याचा माणूस फोन उचलत नाही म्हणून लोक फॉरवर्डवर जगतात, हे त्याचं पालुपद, आणि मला ते आबांच्या पस्तीसच्या पाढ्याइतकंच खरं वाटतं. 2018 च्या पुरात केरळात मुल्लपेरियार धरणाला तडा गेल्याची ऑडिओ क्लिप फिरली, तेव्हा सरकारला स्वतः पुढे येऊन नाकारावं लागलं. नाकारायला कोणीतरी पुढे यावं लागतं, एवढाच देवाचा मुद्दा.

प्रवीण मात्र अजून आपल्या जागी. "एवढं काय त्यात? खोटं निघालं तर निघालं. लोक जरा सावध होतात, नुकसान काय?"

यावर कोणी पटकन बोललं नाही. मग देवानेच, जो आत्तापर्यंत त्याच्या बाजूने होता, बोटं मोडली. "राईनपाडा. साक्री तालुका, आपल्या शेजारचा जिल्हा. 1 जुलै 2018. मुलं पळवणारी टोळी आल्याचे मेसेज फिरत होते. मंगळवेढ्याकडचे पाच भिक्षेकरी जमावाने ठेचून मारले. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने एका वेळी पाचच ठिकाणी पाठवायची मर्यादा आणली, ती हौस म्हणून नाही. आणि परधाडे? पाचोऱ्याकडचं. 22 जानेवारी 2025. पुष्पक एक्सप्रेसमध्ये आग लागली अशी आवई उठली. आग नव्हती. लोक खाली उतरून शेजारच्या रुळावर आले, आणि समोरून कर्नाटक एक्सप्रेस. तिथेही कोणीतरी सावधच केलं होतं."

प्रवीणने फोन उचलला आणि दोन्ही ग्रुपवरून मेसेज खोडला. खोडून काय, तोवर तो पुढे गेलाच असणार. लगेच त्याने दुसरा एक व्हिडिओ दाखवला, पूल वाहून जातानाचा, "हा तरी खरा आहे ना?" म्हणून. सरांनी तो मध्येच थांबवला. कोपऱ्यात दुकानाची पाटी होती, अक्षरं तेलुगू. मला आमचे छायाचित्रकार केकी मूस आठवले. याच गावात घरात बसून ते टेबलावर देखावे मांडायचे आणि फोटो असा काढायचे की खऱ्या-खोट्यातला फरक कळू नये. पण ते त्याला टेबल-टॉपच म्हणायचे, 'आत्ताच आलेला' नाही.

उठायची वेळ झाली. सर विजयी मुद्रेने म्हणाले, "एकूण काय, ओला माणूस अफवा पसरवत नाही."

"पसरवतो सर," जिभाऊ म्हणाले. "पूर गेल्यावर चौथ्या दिवशी कोणीतरी सांगितलं, आधार आणि बँक पासबुकाच्या झेरॉक्स दिल्या की दुकानदाराला थेट खात्यात पैसे. पंचनामा वेगळा, हे वेगळं. कोणी सांगितलं माहीत नाही. पहिला मी पळालो. झेरॉक्सच्या दुकानापुढे दोन तास रांग. शेजारच्या तिघांना मीच फोन केले, लवकर या म्हणून. माझ्यासारखी सगळी गाळातली माणसं, पायाला चिखल तसाच. तिथे कोणता कागद कोणाला द्यायचा, हे एकाने विचारलं नाही."

सरांनी परत चष्मा पुसला. "हं. ही आशेची झाली. प्रसादांच्या यादीत भीतीच जास्त होती."

"मग त्यांना सांगा, आणखी एक यादी करा."

चहाचे पैसे द्यायची पाळी जिभाऊंची होती. त्यांनी खिशातून घडी केलेला कागद काढला, कोणाकडे किती बाकी ते पेनाने टिपलं. मी उलटून पाहिला. मागे त्यांचंच आधार कार्ड, फोटो काळाकुट्ट आलेला. अशा अकरा प्रती काढल्या होत्या म्हणे, त्यातल्या चार अजून उरल्यात.