अकरा हजार जागांचा हेवा

शाळासोबत्यांच्या गटावर परवा पुन्हा तोच मेसेज: युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावर प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या जागतिक मानकात, कोरियन लिपीला ११,१७२ जागा, आपल्या देवनागरीला जेमतेम १२८. मराठीवर अन्याय! प्रत्येक जोडाक्षराला स्वतंत्र कोड मिळालाच पाहिजे! मी चौदा वर्षं कोरियात, सुवॉनला आहे, स्क्रीनवर हंगुल, म्हणजे कोरियन लिपी, नीट उमटावी याचाच मला पगार मिळतो. वाचून घास कडू झाला.

अरे, तो आकडा आला कसा ते तरी बघा. हंगुल ही मुळात जोडून लिहायची लिपी. आरंभीची व्यंजनं १९, स्वर २१, शेवटी २७ पैकी एक व्यंजन किंवा काहीच नाही, गुणाकार ११,१७२. जोहाब म्हणजे घटक जोडून अक्षर बनवायची पद्धत. जोहाबवाले सांगत होते की तिन्ही घटकांना पाच-पाच बिट द्या, दोन बाइटांत सगळं मावतं. पण कोरियाच्या १९८७च्या सरकारी मानकाने वानसंग पद्धत घेतली, म्हणजे तयार अक्षरांची यादी. त्यात हंगुलची अक्षरं २,३५० आणि चिनी ४,८८८. स्वतःच्या देशात स्वतःच्या लिपीला चिनीच्या निम्म्याहून कमी! १९९०ला एमबीसी या कोरियन वाहिनीवर ‘त्तोमबांग गाखा’ ही मालिका आली, तर त्यातलं ‘त्तोम’ हे अक्षर यादीतच नव्हतं. जोहाबला मानकात जागा मिळाली १९९२ला, तीही परिशिष्टात. युनिकोडमध्ये सगळी अक्षरं आली १९९६ला, तेव्हा आधीची उचलून नव्या जागी न्यावी लागली आणि जुन्या फायलींतला मजकूर निकामी झाला. त्यानंतर नियमच झाला, एकदा दिलेली जागा हलवायची नाही.

तुम्ही मागताय ती हीच यादी. यादी करणाऱ्याला मालवणी किंवा अहिराणीतलं एखादं जोडाक्षर आठवलं नाही, तर ते लिहिताच येणार नाही. आज क, हलन्त, ष दिलं की क्ष होतो, कोणाची परवानगी लागत नाही. जोहाबवाले ज्यासाठी भांडले ते आपल्याला आयतं मिळालंय, आणि आपण रडतोय.

एवढं तावातावाने सांगणारा मी. लेकीच्या ओरिनीजिपमध्ये, म्हणजे इथल्या पाळणाघरात, नावाची पट्टी केली तेव्हा आडनावातल्या ‘ळ’चा ‘रिउल’ झाला. हंगुलमध्ये र, ल, ळ, तिन्हींना तेवढंच एक अक्षर. मी गप्प बसलो. आईला मेसेज अजून इंग्रजी अक्षरांतच टाकतो. ‘तुझ्या फोनवर मराठी नाही का रे?’ असं तिने एकदा विचारलं होतं. आहे, पहिल्यापासून आहे.

गटाला उत्तर मात्र देवनागरीत लिहिलं. एकेक अक्षर शोधत पाऊण तास लागला. लेक शेजारी बसून बघत होती. ‘ळ’वर बोट ठेवून तिने विचारलं, बाबा, हे काय आहे?