‘पिल्लं उचलून आणू नका’ असं का लिहिलं: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार ताई,

तुमच्या कॉलनीत बांधकामाच्या जागेवर कुत्री व्यायली आहे. पाच पिल्लं आहेत, नुकतेच डोळे उघडलेत. प्राण्यांच्या शेल्टरने (निवाऱ्याने) ‘जागा नाही’ म्हणून सांगितलं आणि आमच्या लेखातही ‘आई जवळ असेल तर पिल्लं उचलून आणू नका’ असंच वाचायला मिळालं. ‘प्राण्यांवर प्रेम करणारेच दार लावून घेणार असतील तर शेल्टर हवीत कशाला?’ हा तुमचा प्रश्न. तुमचा राग पिल्लांच्या काळजीपोटी आहे, म्हणून सविस्तर लिहितो. मात्र त्या वाक्यावर आम्ही ठाम आहोत.

शेल्टरमध्ये पिल्लांना सगळ्यात मोठी भीती पार्वो या विषाणूजन्य आजाराची. आपल्याकडे त्याला सर्रास ‘गॅस्ट्रो’ म्हणतात. लागण झाल्यावर उलट्या आणि रक्ताचे जुलाब सुरू व्हायला साधारण ३ ते ७ दिवस लागतात, पण शीतून विषाणू त्याआधीच पडायला लागतो. त्यामुळे आज टुणटुणीत दिसणारं पिल्लू उद्या शेजारच्या पिंजऱ्यातल्या सगळ्यांना आजारी पाडू शकतं. हा विषाणू फरशीच्या भेगांत, पोत्यांत, चपलांच्या तळव्यांना महिनोन्‌महिने टिकतो. फिनाइलने फक्त वास जातो, विषाणू तसाच राहतो. आधी साबणाने घासून घाण पूर्ण काढायची, मग १ भाग घरगुती ब्लीच आणि ३० भाग पाणी असं मिश्रण ओतून फरशी १० मिनिटं ओली ठेवायची. घाण शिल्लक राहिली तर ब्लीचचा उपयोग होत नाही, आणि घाईत नेमकी हीच पायरी गाळली जाते.

‘मग लस द्या’ असं तुम्ही म्हणाल. आईच्या चिकातून मिळालेली प्रतिकारशक्ती पिल्लाच्या अंगात असेपर्यंत लस नीट लागू पडत नाही, आणि ती कधी ओसरेल हे प्रत्येक पिल्लाचं वेगळं. म्हणून घरातल्या पिल्लाला दर ३-४ आठवड्यांनी १६ आठवड्यांचं होईपर्यंत, तर शेल्टरमध्ये दर २ आठवड्यांनी २० आठवड्यांपर्यंत डोस देतात. मधल्या काळात एक फट राहतेच. गर्दीच्या शेल्टरमध्ये पिल्लं सापडतात ती याच फटीत.

आता ‘जागा नाही’ म्हणजे काय ते बघा. अमेरिकेतल्या शेल्टरांसाठी तिथल्या ‘नॅशनल अ‍ॅनिमल केअर अँड कंट्रोल असोसिएशन’ने घालून दिलेला हिशेब आहे: रोज एका प्राण्यामागे किमान १५ मिनिटं, ९ साफसफाईला आणि ६ खाण्यापिण्याला. यात औषध नाही, फिरवणं नाही, अंगावरून हात फिरवणंही नाही. ४० कुत्री म्हणजे रोजचे १० तास. एक माणूस आठ तासांत ३२ कुत्र्यांचं एवढंच करू शकतो. पिंजरा रिकामा असला तरी हात रिकामे नसतील, तर जागा नाहीच. तिथे ६० कुत्री कोंबली की गोचिडी कुणाच्या कानात भरल्यात, कोणी दोन दिवस खाल्लेलं नाही, हे कुणाच्या नजरेला पडत नाही. आत घेतलेल्या प्रत्येक जिवाला आपण शब्द दिलेला असतो. तो पाळता येणार नसेल तेव्हा ‘नाही’ म्हणणं आम्हाला जास्त प्रामाणिक वाटतं.

शिवाय ३ ते १२-१४ आठवडे हे पिल्लाचा स्वभाव घडण्याचे दिवस. कुकरची शिट्टी, रिक्षा, लहान मुलं, छत्री यांची सवय तेव्हाच लागते. हे दिवस पिंजऱ्यात गेलेलं पिल्लू पुढे भित्रं होतं, दत्तक गेलं तरी बऱ्याचदा परत येतं.

उचलायचं कधी? आई मेली असेल, पिल्लू जखमी असेल, जखमेत अळ्या पडल्या असतील, तर क्षणही थांबू नका. नुसती आई दिसत नाही म्हणून मात्र नको. ती अन्नाच्या शोधात काही तास लांब जाते, त्यामुळे दुरून लक्ष ठेवा. खरंच पोरकं पिल्लू हाताला गार लागलं तर आधी ऊब द्या, दूध नंतर. गार पिल्लाला दूध पचत नाही. ऊब म्हणजे फडक्यात गुंडाळलेली कोमट पाण्याची बाटली. दूध पिल्लांसाठीच्या पावडरीचं, तेही पिल्लू पालथं ठेवून. उताणं धरून पाजलं तर दूध फुप्फुसात जातं.

तुमची पाच पिल्लं साधारण दोन आठवड्यांची असणार, कारण डोळे १० ते १४ दिवसांनी उघडतात. आईला रोज पोटभर खायला आणि स्वच्छ पाणी द्या, दूध तीच पाजेल. मुकादमाशी बोलून कोपऱ्यात आडोसा आणि खाली कोरडं पोतं टाका. दोन आठवड्यांची झाली की जंताचं औषध, डोस डॉक्टर वजनावर ठरवतील. सहा ते आठ आठवड्यांच्या दरम्यान पहिली लस, आणि घरं शोधायला आत्तापासून सुरुवात. पिल्लं दूध तोडतील तोवर आईचं नाव महापालिकेच्या निर्बीजीकरणाच्या यादीत घाला. पाजणाऱ्या कुत्रीची शस्त्रक्रिया करत नाहीत, म्हणून तारीख त्या हिशेबाने मागा. ती नंतर त्याच जागी परत सोडायची असते, २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांत तसं स्पष्ट आहे. तिच्या कानाला खाच (निर्बीजीकरण झाल्याची खूण) दिसली की कळवा, आणि दोन महिन्यांची झालेली पिल्लं दत्तक द्यायला आमची मदत गृहीत धरा.